आजीचा अनंत आणि डॉक्टर गार्डन

मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहितोय. निमित्त एका झाडाचं आहे. झाड कसलं, झुडूपच म्हणायचं. अनंताचं. आमच्या नात्यातल्या लोकांना शीर्षक वाचूनच कळलं असेल की हे कुठे चाललंय. घाबरू नका, मी चुलत बहिणीला आधी वाचून दाखवलंय आणि तिची परवानगी घेतलीय. इतरांनी थोडा इतिहास आणि थोडी बागकाम-माहिती म्हणून वाचायला हरकत नाही.

आमचं मूळ घर वज्रेश्वरीला. भिवंडी तालुका, ठाणे जिल्हा. मुंबईकडच्या लोकांना हे गाव तीन गोष्टींसाठी माहीत असतं: देवीचं देऊळ, गरम पाण्याची कुंडं आणि तिथून पुढे दोनेक किलोमीटरवरचं गणेशपुरी. आम्हाला मात्र ते आजीचं घर म्हणूनच माहीत. देवळाच्या पायऱ्यांपासून पाच-सात मिनिटं चालत. मागे परसू, परसात आड, आडाच्या पलीकडे एक जुना आंबा आणि त्या आंब्याच्या सावलीत, न्हाणीच्या भिंतीला लागून, तो अनंत.

आधी गावाबद्दल. गावाचं जुनं नाव वडवली. १७३७ साली मराठ्यांनी उत्तर कोकणात पोर्तुगीजांविरुद्ध मोहीम उघडली. तिचे मुख्य होते बाजीराव पेशव्यांचे धाकटे बंधू चिमाजी अप्पा. साष्टी आली, ठाणं आलं, पण वसईचा किल्ला काही हाती लागेना. सांगतात ते असं, की अप्पांचा तळ या वडवलीच्या परिसरात असताना त्यांनी वज्रेश्वरीला नवस बोलला, वसई मिळू दे, तुझं देऊळ किल्ल्यासारखं बांधीन. मे १७३९ मध्ये वसई पडली. नवस फेडला गेला. वसईचे सुभेदार शंकर केशव फडके यांनी देऊळ बांधून घेतलं आणि ते खरोखरच किल्ल्यासारखं आहे: दगडी तट, वर नगारखाना आणि चढायला बावन्न पायऱ्या. त्यातल्या एका पायरीवर कासव कोरलेलं आहे. दीपमाळ बडोद्याच्या गायकवाडांनी बांधलेली. देवीचं मूळ ठाणं इथून उत्तरेला गुंज गावी होतं, ते पोर्तुगीज काळात उद्ध्वस्त झालं असं मानतात.

चिमाजी अप्पांना हा विजय फार दिवस लाभला नाही. डिसेंबर १७४० मध्ये ते गेले. बाजीराव त्याच वर्षी एप्रिलमध्ये गेले होते. एका वर्षात दोघे भाऊ. लहानपणी आजी हे सांगायची तेव्हा तिचा सगळा भर याच वाक्यावर असायचा. "भाऊ असावे तर असे, एक गेला तर दुसरा मागे राहिला नाही." ऐकायला तिचे दोन्ही मुलगे समोर बसलेले असायचे. माझे थोरले काका आणि माझे बाबा.

आजीचं माहेर वसईचं, वाडीतलं. वसईच्या वाड्या म्हणजे केळी, पानवेल आणि फुलं. पहाटेच्या गाडीनं टोपल्या भरून फुलं मुंबईला जायची, अजूनही जातात. लग्नानंतर पहिल्या पावसाळ्यात ती माहेराहून येताना अनंताची एक काडी ओल्या फडक्यात गुंडाळून घेऊन आली, ती तिनं न्हाणीच्या मागे लावली. म्हणजे वसईहून वज्रेश्वरीला नवस आला दोनशे वर्षं आधी आणि अनंत आला नंतर. हा आमच्या घरातला विनोद.

चैत्र वद्यात देवीची यात्रा भरते. त्याच दिवसांत अनंत ऐन बहरात असायचा. पंचवीस-तीस फुलं एका वेळी. सकाळी पांढरी शुभ्र, दुसऱ्या दिवशी सायीच्या रंगाची, तिसऱ्या दिवशी पिवळी. आजी एकच फूल घ्यायची, अंबाड्यात खोचायला. गजरा वगैरे नाही. अनंत गजऱ्यात ओवायचं फूल नव्हे, ते एकटंच पुरतं. (पुढे कधीतरी कळलं की अमेरिकेतली जॅझ गायिका बिली हॉलिडेसुद्धा केसांत हेच फूल माळायची. तिचे फोटो बघताना मला हटकून आजी आठवते. आजीला हे सांगितलं असतं तर तिनं "कोण गं बाई ही" एवढंच म्हटलं असतं.)

आता अनंताची स्वतःची गोष्ट. ती मी शोधायला लागलो त्याला कारण आहे, ते पुढे येईल.

अनंत आपला नाही. इतका आपला वाटतो, देवाला वाहतो, पोरांची नावं ठेवतो, पण मूळचा तो दक्षिण चीन, तैवान, जपान, व्हिएतनाम या पट्ट्यातला. उत्तरेकडे आणि बंगालात त्याला गंधराज म्हणतात. चीनमध्ये हे झाड आधी फुलासाठी नव्हे तर फळासाठी लावत. एकेरी पाकळ्यांच्या अनंताला नारिंगी रंगाचं, उभ्या कंगोऱ्यांचं फळ धरतं आणि त्यातून पिवळा रंग निघतो. केशरात जे रंगद्रव्य असतं, क्रोसिन, तेच यात. दोन हजार वर्षांपूर्वीचा चिनी इतिहासकार सिमा छियान यानं श्रीमंतांची यादी देताना रंगासाठी लावलेल्या अनंताच्या नि मंजिष्ठेच्या हजार मू जमिनीची बरोबरी एका सरदाराच्या उत्पन्नाशी केली आहे. जपानात नव्या वर्षाला चेस्टनट आणि रताळ्याचं एक गोड पक्वान्न करतात, त्याला पिवळा रंग याच फळानं देतात.

जपानी भाषेत अनंताचं नाव आहे कुचिनाशी. त्याचा एक अर्थ सांगतात तो 'तोंड नसलेला'. कारण फळ पिकलं तरी उकलत नाही, मिटलेलंच राहतं. आपल्याकडे अबोली आहे, त्यांच्याकडे अनंत अबोल आहे. हे वाचलं तेव्हा मी जरा वेळ तसाच बसून राहिलो. आमच्या घरात न उकलणारी तोंडं पंचवीस वर्षं पाहिली होती ना.

आपल्या रानातही अनंताचे सख्खे भाऊ आहेत, बरं का. डिकेमाली हे त्यातलंच एक. तान्ह्या बाळाला दात येताना, पोटात जंत झाले की जी उग्र वासाची डिकेमाली उगाळून देतात, तो याच कुळातल्या रानझुडपाच्या कोंबांवर धरणारा डिंक. म्हणजे बाळंतविड्यात रानातला अनंत आणि अंबाड्यात बागेतला. पण ते कुळ एक आहे हे आजीला माहीत नव्हतं, मलाही नव्हतं.

तर हा चिनी अनंत युरोपात पोचला तो चुकीच्या पत्त्यानं. अठराव्या शतकाच्या मध्याला ईस्ट इंडिया कंपनीच्या एका जहाजाचा कप्तान हचिन्सन हिंदुस्थानातून परतताना आफ्रिकेच्या टोकाला केप ऑफ गुड होपला थांबला. तिथे त्याला वासावरून हे झाड सापडलं. दुहेरी पाकळ्यांचं, पांढरं. त्यानं ते कुंडीत घालून विलायतेला नेलं आणि एसेक्समधल्या रिचर्ड वॉर्नर नावाच्या बागप्रेमी गृहस्थाला दिलं. केपला सापडलं म्हणून ते केपचं, आणि वास जाईसारखा म्हणून ती जाई. नाव पडलं 'केप जास्मिन', आणि आजही इंग्रजीत लोक तसंच म्हणतात. दोन्ही शब्द चूक. ते ना केपचं, ना जाईच्या कुळातलं. ते कॉफीच्या कुळातलं आहे. पूर्वेकडून जाणारी सगळी जहाजं केपला पाणी भरायला थांबत, त्यातल्याच कुठल्यातरी जहाजातून ते तिथे उतरलं असणार हे उघड आहे.

वॉर्नरकडे ते फुललं, पण वाढेना. दुहेरी फुलाला बी धरत नाही. पुंकेसरांच्याच पाकळ्या झालेल्या असतात. मग माइल एंडचा रोपवाटिकावाला जेम्स गॉर्डन यानं त्याच्या काड्या लावल्या, त्या जगल्या, आणि त्यानं त्या विकून बक्कळ पैसा केला. बागवान फिलिप मिलर म्हणाला ही जाईच. जॉन एलिस नावाचा व्यापारी, पण वनस्पतींचा मोठा जाणकार, म्हणाला की ही जाई नव्हे, हे नवंच कुळ आहे. एलिसचं म्हणणं बरोबर ठरलं. १७६१ मध्ये छापून आलेल्या त्याच्या लेखात या झाडाला नाव मिळालं ते गार्डेनिया. म्हणजे आपल्या देवळाच्या नवसानंतर बावीस वर्षांनी.

मला कैक वर्षं वाटायचं की गार्डेनिया म्हणजे गार्डनमधलं म्हणून गार्डेनिया. तुम्हालाही वाटत असेल. पण नाही. गार्डन हे एका माणसाचं आडनाव आहे.

डॉक्टर अलेक्झांडर गार्डन. जन्म १७३० चा, स्कॉटलंडमधला. डॉक्टरी शिकून अमेरिकेत साउथ कॅरोलिनातल्या चार्ल्सटनला गेला, तिथे चांगला जम बसवला. पेशंट बघून उरलेल्या वेळात झाडं, मासे, सरपटणारे प्राणी गोळा करायचा आणि स्वीडनमध्ये लिनिअसला पाठवायचा. तोच लिनिअस, ज्यानं सगळ्या सजीवांना दोन-दोन शब्दांची नावं दिली. सायरन नावाचा, बाहेर कल्ले असलेला, फक्त पुढचे दोन पाय असलेला चमत्कारिक प्राणी गार्डननंच त्याला पाठवला. एलिस हा गार्डनचा पत्रमित्र. त्याची फार इच्छा होती की मित्राच्या नावाचं एक झाड असावं. एकदोन झाडांच्या वेळी ते जमलं नाही, शेवटी या झाडाच्या वेळी जमलं. गार्डननं ते झाड शोधलेलं नव्हतं, ते अमेरिकेतलंही नव्हतं. निव्वळ दोस्तीखातर चीनच्या झाडाला, आफ्रिकेचा पत्ता सांगून, इंग्लंडमध्ये, अमेरिकेतल्या स्कॉटिश डॉक्टरचं नाव लागलं!

इथवर गोष्ट मजेची आहे. पुढची तशी नाही.

१७७६ मध्ये अमेरिकेनं स्वातंत्र्य जाहीर केलं. डॉक्टर गार्डन राजनिष्ठ. त्याचा मुलगा, त्याचंही नाव अलेक्झांडरच, बंडखोरांच्या बाजूनं गेला आणि हेन्री ली याच्या घोडदळात लढला. १७८० मध्ये कॅम्डेनच्या लढाईत इंग्रज जिंकले, तेव्हा सेनापती कॉर्नवॉलिसचं अभिनंदन करणाऱ्यांत डॉक्टर गार्डन होता. (हा कॉर्नवॉलिस म्हणजे तोच, जो पुढे हिंदुस्थानचा गव्हर्नर जनरल झाला आणि १७९२ मध्ये मराठे आणि निजाम यांना बरोबर घेऊन टिपूशी श्रीरंगपट्टणचा तह केला. जग लहान आहे.) पण युद्ध अमेरिकनांनी जिंकलं. गार्डनची मालमत्ता जप्त झाली, आणि तो इंग्लंडला निघून गेला. १७९१ मध्ये लंडनमध्ये वारला.

मुलाला त्यानं शेवटपर्यंत माफ केलं नाही. मुलाला एक मुलगी होती. तिचं नाव ठेवलं होतं गार्डेनिया. गार्डेनिया गार्डन. आजोबाच्या नावाच्या फुलाचं नाव. आणि चरित्रकारांनी नोंदवलंय की आजोबांनी या नातीला कधी आपल्या घरात घेतलं नाही.

हे मी प्रथम वाचलं ते रात्री अकराच्या सुमारास, झोपायच्या आधी सहज. त्या रात्री झोप आली नाही. आता का ते सांगतो.

१९८९ मध्ये वज्रेश्वरीच्या घराच्या वाटणीवरून थोरले काका आणि बाबांचं बिनसलं. कोण बरोबर, कोण चूक, यात मी पडत नाही. तेव्हा मी कॉलेजात होतो, मला वाटायचं बाबा शंभर टक्के बरोबर. आज वाटतं की दोघांनाही एकमेकांकडून कागद नको होता, एक शब्द हवा होता. बाबा डोंबिवलीला निघून आले ते परत त्या घरात गेले नाहीत. आजोबा आधीच गेले होते. आजी तिथेच राहिली, काकांकडे.

१९९० च्या पावसाळ्यानंतर आजी एकटी एसटीनं, मग लोकलनं, डोंबिवलीला आली. हातात डालड्याचा डबा. डब्याला खाली खिळ्यानं भोकं पाडलेली आणि आत बोटभर उंचीचा, चार पानांचा अनंत. म्हणाली, "तू येत नाहीस ना, मग हा तुझ्याकडे राहू दे." बाबा काही बोलले नाहीत. डबा घेऊन पूर्वेच्या गॅलरीत ठेवला. त्या दिवसापासून शेवटच्या आजारपणापर्यंत रोज सकाळी अंघोळीच्या आधी त्याला पाणी घालायचं काम त्यांचं. आम्हाला कुणाला हात लावू द्यायचे नाहीत. डबा गंजला तेव्हा कुंडी आली, मग मोठी कुंडी, मग त्याहून मोठी.

१९९८ मध्ये आजी गेली. बाबा दहाव्याला घाटावर गेले, घरी गेले नाहीत.

१९९९ मध्ये चुलत बहिणीचं लग्न ठरलं. पत्रिका घेऊन ती स्वतः आली, एकटी. काकांना न सांगता आली होती हे नंतर कळलं. मी दार उघडलं. बाबा आतल्या खोलीत होते. मी आत जाऊन सांगितलं. ते खुर्चीत बसून राहिले. उठले नाहीत, बाहेर आले नाहीत. आईनं तिला पाणी दिलं, लाडू दिला, हळदीकुंकू लावलं. अर्धा तास ती बसली असेल. प्रत्येक मिनिटाला तिची नजर आतल्या दाराकडे जात होती. निघताना गॅलरीत गेली. एप्रिल होता, अनंताला पाच-सहा फुलं होती. तिनं आईला विचारलं, "काकू, एक घेऊ?" आई म्हणाली, "अगं तुझंच आहे ते." तिनं एक फूल घेतलं, पर्समध्ये रुमालात ठेवलं आणि गेली.

मी तेव्हा तीस वर्षांचा घोडा होतो. बाबांना हात धरून बाहेर आणता आलं असतं. निदान तिला स्टेशनपर्यंत सोडायला जाता आलं असतं. मी दोन्ही केलं नाही. डॉक्टर गार्डनची गोष्ट वाचताना मला बाबांचा राग आला आणि मग लक्षात आलं की त्या दाराशी मीपण उभाच होतो की.

बाबा २०१४ मध्ये गेले. तेव्हा काका आले होते. चपला बाहेर काढून दाराशीच बराच वेळ उभे होते.

तिकडे वज्रेश्वरीचा अनंत कधीच मेला होता. २००२ मध्ये काकांनी परसात बोअर मारली. आडाचं पाणी उन्हाळ्यात तळाला जायचं, पंप लावायचा होता, रास्त कारण होतं. पुढच्या दोन-तीन वर्षांत अनंताची पानं पिवळी पडत गेली. काकूंना वाटलं सासूबाई गेल्या म्हणून झाड झुरतंय. कुणी म्हणालं दृष्ट लागली, कुणी म्हणालं शेणखत घाला. शेणखत घातलं, मग युरिया घातला, मग ते आणखी पिवळं झालं. २००९ च्या मे महिन्यात वाळलं ते वाळलंच. काकांनी खोड तोडलं नाही, तसंच ठेवलं.

काय झालं असेल हे मला नंतर, वाचून आणि गॅलरीतल्या झाडाला सांभाळून, कळलं. अनंताला आम्लधर्मी माती लागते, सामू साधारण पाच ते साडेसहा. माती त्याहून अल्कधर्मी झाली की मातीत लोह असूनही मुळांना ते उचलता येत नाही. मग नवी पानं पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. (जुनी, खालची पानं उन्हाळ्यात पिवळी पडून गळाली तर घाबरू नये, सदाहरित झाडही पानं टाकतंच, फक्त एकदम टाकत नाही.) आडाचं पाणी वरवरचं, पावसाचं मुरलेलं. बोअरचं पाणी खोल कातळातलं, जड. आमच्या त्या पाण्यानं पातेल्याला पांढरा थर बसायचा, चहाची चव बदलली होती, डाळ शिजायला वेळ लागायचा. माणसांना कळत होतं, झाडालाही कळत होतं. ते पाणी पाच-सात वर्षं रोज मुळाशी जात राहिलं. आणि डोंबिवलीच्या गॅलरीत त्याच झाडाच्या काडीला नदीचं, नळाचं मऊ पाणी मिळत होतं. म्हणून ती जगली. झुरणं, दृष्ट, शाप यातलं काही नव्हतं. पाणी बदललं होतं, एवढंच.

गेल्या वर्षी मे महिन्यात बहिणीचा फोन आला. "दादा, तुमच्याकडचा अनंत अजून आहे का?" म्हटलं, आहे. म्हणाली, "बाबा विचारत होते." काका आता शहाऐंशी वर्षांचे आहेत. बास, एवढंच बोलणं.

मी जूनमध्ये, पहिला पाऊस पडल्यावर, बारा काड्या लावल्या. ज्यांना करायचं असेल त्यांच्यासाठी कृती अशी. फुलं संपल्यावर छाटणी करावी, त्याच छाटलेल्या फांद्यांतून अर्धवट जून झालेल्या, पेन्सिलीहून बारीक, वीतभर काड्या घ्याव्या. वरची दोन-तीन पानं ठेवावी, तीही अर्धी कापावी. काडी डोळ्याच्या खाली कापून वाळू आणि कोकोपीटच्या मिश्रणात खोचावी, वर प्लास्टिकची पिशवी उलटी घालावी, ऊन लागू देऊ नये. सहा ते आठ आठवड्यांत मुळं फुटतात. ओढून बघायचा मोह आवरावा. माझ्या बारांतल्या नऊ जगल्या.

पुढे लाल माती, पालापाचोळ्याचं खत आणि थोडी वाळू. सकाळचं कोवळं ऊन, मग सावली. दुपारचं ऊन पानं करपवतं. मुळं वरवर असतात, कुदळून मोकळी करायला जाऊ नये, वर पाल्याचं आच्छादन घालावं. कळ्या धरायला हिवाळ्यातल्या रात्रींचा गारवा लागतो आणि कळ्या धरल्यावर कुंडी हलवली किंवा पाणी चुकलं तर त्या न उमलता गळतात. पिठ्या ढेकूण आला तर ओल्या फडक्यानं पुसून साबणाचं पाणी फवारावं. पिवळेपणा दिसला तर लिटरभर पाण्यात दोन ग्रॅम हिराकस, महिन्यातून एकदा मुळाशी. पण पाणी जड असेल तर हिराकस फार वेळ टिकत नाही, मग दुकानात चिलेटेड आयर्न मिळतं ते वापरावं, आणि मुख्य म्हणजे पाणी बदलावं.

या जुलैत मी त्यातलं सगळ्यांत जोमदार रोप घेऊन वज्रेश्वरीला गेलो. शिरसाड फाट्यावरून, अंबाडी रस्त्यानं, तानसा नदी दोन्ही थडी भरून चाललेली. त्या दारातून मी छत्तीस वर्षांनी आत गेलो. वसई तालुका आता पालघर जिल्ह्यात गेलाय, २०१४ पासून, आणि आमचं गाव ठाणे जिल्ह्यातच राहिलंय. आजीचं माहेर आणि सासर वेगवेगळ्या जिल्ह्यांत. तीही वाटणीच.

जमिनीत लावायचं नाही असं बहीण नि मी फोनवर आधीच ठरवलं होतं, त्या मातीत बोअरचे क्षार बसलेत. तिनं अर्धं पिंप कापून त्याची कुंडी करून ठेवली होती. पन्हळीखाली दोनशे लिटरची दोन झाकणाची पिंपं. मी हिशोब केला: एक दिवसाआड दोन लिटर धरलं तर ऑक्टोबर ते जून साधारण अडीचशे लिटर लागतात, म्हणजे चारशे लिटरमध्ये आरामात भागेल. आमच्याकडे पावसाला तोटा नाही.

जागा तीच, न्हाणीच्या मागे. आंबा अजून आहे. जुनं वाळलेलं खोड काकांनी स्वतः काढून बाजूला ठेवलं होतं. मी लावत होतो, ते खुर्चीत बसून बघत होते. माती दाबून झाल्यावर त्यांनी विचारलं, "तुझा बाप पाणी रोज घालायचा?"

"रोज. सकाळी अंघोळीच्या आधी."

"आई पण तेव्हाच घालायची," ते म्हणाले. मग बराच वेळ गेला. पाऊस सुरू झाला म्हणून बहिणीनं खुर्ची आत घेतली.

दुहेरी अनंताला बी धरत नाही, हे वर लिहिलंच आहे. त्यामुळे प्रत्येक झाड हे आधीच्या झाडाची काडीच असतं. वसईच्या वाडीतलं, आजीच्या परसातलं, डालड्याच्या डब्यातलं आणि आता पिंपातलं, ही चार झाडं नाहीत, एकच आहे. त्याला बाबांनी चोवीस वर्षं पाणी घातलं. ज्या घराचं नाव काढायचे नाहीत त्याच घराच्या झाडाला. मी याचा फार अर्थ काढत नाही. पण १९९९ मध्ये ज्या मुलीला त्यांनी दार उघडलं नाही, ती आता त्याच झाडाला पाणी घालते, हे त्यांना कळलं असतं तर बरं झालं असतं असं वाटतं. आणि तिला स्टेशनपर्यंत सोडायला न गेल्याबद्दल मी तिची माफी मागितली. ती म्हणाली, "दादा, मी रिक्षानं गेले होते." असो.

माझ्याकडे अजून आठ रोपं आहेत. एक आत्याकडे, एक बहिणीच्या मुलीकडे जाईल. उरली सहा. नात्यातल्यांना आधी, मग इतरांना. कळवा, या आणि घेऊन जा. कुंडी मात्र स्वतःची आणा.